दहा मिनिटांचा खेळ

नांदेडहून हिंगोली-अकोल्याकडे जाणारा आणि नांदेडहूनच यवतमाळ-नागपूरकडे जाणारा असे दोन राष्ट्रीय महामार्ग कळमनुरी तालुक्यात वारंगा फाट्यावर फुटतात. या फाट्याचं नाव निघालं की मराठवाड्यातल्या माणसाला खिचडी आठवते, आणि ती आठवावी अशीच आहे. पण खिचडी खाणाऱ्यांइतकेच इथे नुसते थांबणारेही असतात. आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसं एसटीची वाट बघत असतात. कुणाला नांदेडच्या दवाखान्यात जायचं असतं, कुणाला हिंगोलीत कचेरीचं काम असतं, कुणाला बाजार गाठायचा असतो. ट्रकवाले टायर ठोकून बघतात आणि चहा घेतात. गाडी कधी दहा मिनिटांत येते, कधी पाऊण तास येत नाही. अशा वेळी पूर्वी गप्पा व्हायच्या, तंबाखू मळली जायची. आता बहुतेकांच्या हातात मोबाईल असतो. त्या मोबाईलवर काय चाललं असेल, याचा अंदाज माणसाचं वय बघून बऱ्यापैकी बांधता येतो. अकरावी-बारावीतली पोरं कानात हेडफोन घालून बंदुकांच्या लढाईत गुंतलेली असतात. पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या पडद्यावर ल्युडो, कँडी क्रश, क्रिकेटचा स्कोअर, ‘हास्यजत्रा’तला एखादा तुकडा, नाहीतर सोयाबीनचा भाव.

हा फरक आपण फारसा विचार न करता निकालात काढतो. वय झालं, पोरखेळ सुटला, आता कुठली आवड नि कुठलं काय, असं म्हणतो. हे म्हणताना आपण गृहीत धरतो की आवड ही माणसाच्या आत असलेली गोष्ट आहे आणि केस पांढरे होतात तशी तीही आपोआप बदलते. मला हे पटत नाही. प्रपंचाला लागल्यावर माणसाची आवड बदलते त्याआधी त्याचा वेळ तुटतो. सलग दोन तास मिळेनासे होतात, दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे हातात येतात, आणि तेही हक्काचे नसतात. कुणीही, कधीही हाक मारू शकतं. त्या तुकड्यांत जे मावतं, ते माणूस बघतो आणि खेळतो. काही वर्षं तेच करत राहिला की लोक म्हणतात, याची आवडच तशी आहे. पुढे तोही तसंच म्हणू लागतो.

हे नीट समजण्यासाठी खेळ आतून कसा बांधलेला असतो ते पाहावं लागतं. बीजीएमआय, म्हणजे २०२० च्या सप्टेंबरात बंदी आलेल्या पब्जीचा २०२१ मध्ये आलेला भारतीय अवतार. त्याच्या नेहमीच्या डावात शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, सुरक्षित जागा आक्रसत जाते आणि शेवटी एकच संघ उरतो. शेवटपर्यंत टिकलात तर डाव पंचवीस-तीस मिनिटं चालतो. तो मध्ये थांबवता येत नाही. चौघांच्या संघात खेळत असाल तर तुमच्या एका मिनिटाच्या गैरहजेरीची किंमत उरलेले तिघे मोजतात. आता अशा डावाच्या विसाव्या मिनिटाला घरून फोन येतो की मोटर बंद पडली, पाणी फुटलं, पोराला ताप आलाय. सतरा वर्षांचा मुलगा तो फोन कापू शकतो. सदतीस वर्षांचा माणूस कापू शकत नाही, कारण फोन त्यालाच यायचा असतो, त्याच्यानंतर दुसरा कुणी नाही. दोन-चार वेळा सोबत्यांच्या शिव्या खाल्ल्यावर तो त्या खेळातून उठतो. त्याच्याच मोबाईलवर कँडी क्रश असेल तर तिथली पातळी दोन-तीन मिनिटांत संपते. बहुतेक ठिकाणी घड्याळ नसतं, मोजक्या चाली असतात. फोन खिशात टाका, तासाभरानं काढा, गोळ्या तिथेच असतात. पाच जीव संपले की पुढच्या जीवासाठी अर्धा तास थांबायचं. म्हणजे तो खेळ तुम्हाला स्वतःच कामाला पाठवतो आणि नंतर परत बोलावतो. ज्याला थांबायचं नाही त्याच्याकडून पैसे घेणं हा त्या कंपनीचा धंदा आहे हे खरं, पण ज्याचा दिवस मुळातच तुकड्यांचा आहे त्याला ती मांडणी सोयीची पडते. २०१६ मध्ये आलेला ल्युडो किंग हा नवी मुंबईच्या कंपनीचा खेळ. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत गेला, कारण आजी, सून आणि नातू अशा तिघांना एकत्र बसवणारा दुसरा खेळ मोबाईलवर सहज सापडत नव्हता. एकजण भाजी परतायला उठला तरी त्या डावाचं फारसं बिघडत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो शरीराचा. वेळेचं राहू द्या, चाळिशीत बोटंच तेवढी चालत नाहीत, म्हणून माणूस वेगाचे खेळ सोडतो. यात तथ्य आहे, आणि ते मोजलंही गेलंय. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ या डावपेचांच्या खेळातल्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. खेळाडू १६ ते ४४ वयाचे होते. समोर नवं काही दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ २४ व्या वर्षापासूनच वाढू लागतो, असं त्यांना आढळलं. चोवीस! हा आकडा वाचून पंचविशीतला कुणीही दचकेल. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही होती, जी बातम्यांत मागे पडली: वयानं मोठे खेळाडू ही कसर भरून काढत होते. आज्ञा द्यायच्या सोप्या युक्त्या आणि सोयीचे मार्ग वापरून ते मंद झालेल्या हातांनी टिकून राहत होते. म्हणजे शरीर सवलत मागतं, निवृत्ती मागत नाही. शिवाय हा उतार इतका मंद असतो की पंचविशीत रात्रभर खेळणारा माणूस लग्नानंतर सहा महिन्यांत खेळ का सोडतो, हे त्यानं उलगडत नाही. सहा महिन्यांत बोटं म्हातारी होत नाहीत.

दुसरा पुरावा क्वांटिक फाउंड्री या अमेरिकी संस्थेचा आहे. लाखाहून अधिक खेळाडूंनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून त्यांनी २०१६ मध्ये मांडलं की वय वाढतं तशी सगळ्यात जास्त घसरते ती दुसऱ्याला हरवण्याची ओढ, आणि सगळ्यात कमी हलते ती विचार करून, आखणी करून खेळण्याची गोडी. प्रश्नावल्या ज्यानं त्यानं स्वखुशीनं भरलेल्या, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. एक गोष्ट मात्र त्यातून दिसते. खेळाची भूकच मेली असती तर सगळ्या ओढी सारख्याच खाली आल्या असत्या. तसं होत नाही. जी ओढ भागवायला रोजचा सराव, ताजं डोकं आणि सलग तास लागतात, ती आधी सुटते. बुद्धिबळाचा पट किंवा पत्त्यांचा डाव टिकून राहतो.

आपल्याकडे या प्रश्नावर सगळ्यात मोठा पुरावा सरकारनंच गोळा केलाय. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडून, त्यात माणसानं काय केलं ते विचारलं. सहा वर्षांवरच्या लोकांनी २०१९ मध्ये दिवसाचे ९.९ टक्के संस्कृती, करमणूक, माध्यमं आणि खेळ यांत घालवले होते. २०२४ मध्ये ते ११ टक्के झाले. हा आकडा वरवर माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. करमणुकीचा वेळ वाढतोय, मग दबावाखाली तो हरवला असं कसं म्हणायचं? पण हरवला असं मी म्हणतच नाही. बेरीज वाढू शकते आणि तरीही तिच्यात एकही सलग तास नसू शकतो. या पाहणीचा नियमच असा होता की दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेलं काम नोंदवायचं नाही. फाट्यावर चार मिनिटं रील पाहिली, रांगेत सहा मिनिटं ल्युडो खेळला, हे त्या खणांत उतरतच नाही. म्हणजे मोठ्या माणसाची बरीचशी करमणूक सरकारी वहीत शून्य आहे.

त्याच पाहणीतले बायकांचे आकडे याहून बोलके आहेत. ज्यांनी घरकाम केलं, त्यांत २०२४ मध्ये बायकांनी रोज सरासरी २८९ मिनिटं दिली आणि पुरुषांनी ८८. जवळपास पावणेपाच तास विरुद्ध दीड तासाच्या आत. करमणुकीत मात्र फरक फक्त १३ मिनिटांचा: पुरुष १७७, बायका १६४. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, बायकांनाही तेवढाच वेळ मिळतो. मिळतो, पण कसा? पुरुष जेवून पारावर किंवा टपरीवर जातो तेव्हा त्याचा तास त्याचा असतो. बाई टीव्हीसमोर बसते तेव्हा तिच्या पुढ्यात निवडायची भाजी असते, कान कुकरच्या शिट्टीकडे असतो आणि मांडीवर पोर असतं. संध्याकाळी सातनंतरच्या मराठी मालिका याच बाईसाठी रचलेल्या आहेत, आणि त्यांची टवाळी करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. एकच प्रसंग तीन-तीनदा दाखवणं, चेहऱ्यांवर कॅमेरा रेंगाळणं, प्रत्येक संवादात मागची गोष्ट पुन्हा सांगणं, हे सगळं लेखकाचं दारिद्र्य म्हणून सोडून देता येतं. पण ज्या प्रेक्षकाला मधली सात मिनिटं स्वयंपाकघरात घालवायची आहेत, त्याला हीच रचना लागते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. एवढी लांब गोष्ट रोज न चुकता पाहणं कुणाला शक्य होतं? चुकली तरी चालायची, म्हणूनच ती इतकी वर्षं पाहिली गेली. आकाशवाणीला हे फार आधी कळलं होतं. ‘वनिता मंडळ’ दुपारच्या निवांत घटकेला आणि ‘कामगार सभा’ कामगारांच्या वेळेला लावताना आकाशवाणीनं श्रोत्याची आवड विचारण्याआधी त्याचा दिवस पाहिला होता.

मग पूर्वी मोठी माणसं खेळायची कधी? जुन्या काळाबद्दल आपण दोन टोकांचं बोलतो: एक तर तेव्हा सगळे आनंदात होते, नाहीतर तेव्हा नुसते कष्ट होते. मला त्या काळातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. मोठ्यांच्या खेळाचा वेळ माणसानं स्वतः काढायचा नसे, तो पंचांगानं आणि पिकानं काढून ठेवलेला असे. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत तमाशाचा हंगाम, म्हणजे खरीप घरात आल्यापासून पुढच्या पेरणीची गडबड सुरू होईपर्यंत. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते; घोड्यांचा बाजार, कुस्त्या, लावणी असं सगळं तिथे असतं, आणि रब्बीची पेरणी तोवर उरकलेली असते. गावोगावचे हरिनाम सप्ताह ठरल्या तिथीला बसतात. सगळ्यात नेमकं उदाहरण बायकांचं आहे. नागपंचमीला लेक माहेरी येणार, झाडाला झोका बांधला जाणार, फेर धरला जाणार, हे मराठवाड्याच्या शेतकरी घरांत ठरलेलं होतं. काही समाजांत लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणात मंगळागौर पुजायची आणि रात्रभर झिम्मा-फुगड्या खेळायच्या. पाच वर्षं कोणती, ते पाहा. मुलीच्या आयुष्यात दडपण सगळ्यात जास्त असतं ती. सासर नवं, कामं नवी, मूल होण्याची अपेक्षा डोक्यावर. नेमक्या त्या वर्षांत तिला एक अख्खी रात्र खेळायला मिळायची, आणि त्या रात्री तिला भांड्याला बोलावणं सासूलाही शोभत नसे. हे सारं सर्वांना सारखं मिळत होतं असं अजिबात नाही. तमाशाच्या फडात नाचणाऱ्या बाईचा तो खेळ नव्हता, पोट होतं; घरंदाज बाईनं तो पाहायला जायची सोय नव्हती; ज्याच्या घरी जमीनच नाही त्याला सुगी संपली म्हणजे सुट्टी लागली असं नव्हतं, उपासमार लागायची. तरीही वेळ सामाईक होता. सगळे एकाच वेळी मोकळे असत आणि त्यामुळे कुणी कुणाला हाक मारत नसे.

हा सामाईक वेळ कारखान्यानं मोडला, आणि तो परत मिळवायला भांडावं लागलं. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती होती. सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो तो असा मिळालेला आहे. पुढे गिरणगावात जे घडलं ते माझ्या युक्तिवादाला फार उपयोगी आहे. दहा-दहा तास मागावर उभा राहणारा माणूस दमून फक्त हलकंफुलकं पाहील, अशी आपली समजूत असते. पण याच माणसांनी भजनी मंडळं चालवली, तालमी चालवल्या, परळ-लालबागच्या चाळींत रात्री तालीम करून तीन-तीन अंकी नाटकं उभी केली. १९५३ च्या कायद्यानं कामगार कल्याण मंडळ आल्यावर त्या हौसेला स्पर्धांचं व्यासपीठही मिळालं. कष्ट तेवढेच होते, खोल्या लहान होत्या, पगार तुटपुंजा होता. फक्त पाळी ठरलेली होती, भोंगा वाजल्यावर गिरणीचा मुकादम घरी फोन करू शकत नव्हता, आणि सोबतचे दहाजण त्याच वेळी सुटत होते. सलग वेळ आणि सोबत मिळाली की दमलेला माणूस अवघड गोष्टही उचलतो.

असा वेळ नसला की काय होतं, त्याचा एक छोटा प्रयोग अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रीड, लोवेनस्टाइन आणि कल्याणरामन या संशोधकांनी लोकांना काही चित्रपटांतून पाहायचे चित्रपट निवडायला सांगितले. आजच पाहायचा म्हणून निवडताना लोक जास्त करून हलकेफुलके घेत. पुढच्या दिवसांसाठी निवडताना ‘शिंडलर्स लिस्ट’सारख्या जड चित्रपटांकडे वळत. आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवलेल्या गोष्टींची यादी असते, ती याच जातीची. ती कधीच संपत नाही, कारण जेव्हा पाहायची वेळ येते तेव्हा तो ‘आज’ असतो, आणि आज आपण दमलेलो असतो. मग १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ पंधराव्यांदा लागतो. यात कुणाची अभिरुची घसरलेली नाही. दिवसभर निर्णय घेतलेल्या माणसाला रात्री आणखी एक निर्णय नको असतो. पुढचा विनोद कुठला ते ठाऊक आहे, शेवटी सगळं गोड होणार हे ठाऊक आहे, मध्येच डोळा लागला तरी काही बुडत नाही. ज्याच्या कापसाचा आणि हळदीचा भाव काल काय होता नि उद्या काय असेल याचा भरवसा नाही, त्याला दीड-दोन तास तरी भरवशाची गोष्ट पाहावीशी वाटली तर नवल काय.

तुटलेल्या वेळेचा सगळ्यात चलाख फायदा पैशाच्या खेळांनी घेतला. रमी आणि काल्पनिक क्रिकेट संघांच्या जाहिराती आठवा. त्या पोरांना उद्देशून फारशा नव्हत्या. त्या प्रपंचातल्या माणसाशी बोलत होत्या, आणि त्याच्या मनातली नेमकी बोच त्यांना ठाऊक होती: मी खेळतोय म्हणजे वेळ फुकट घालवतोय. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, की फुकट कुठे, दोन पैसे मिळतील. म्हणजे जबाबदारीचं ओझं वाढल्यावर खेळायलाही कमाईचं कारण लागू लागलं, आणि ते कारण विकायला कंपन्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तरी ओघ थांबला नाही. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली; असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्या वेळी सरकारचा अंदाज होता की देशात ४५ कोटी लोक दर वर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये यात गमावतात. (त्याच्या महिनाभर आधीच विधान परिषदेत राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव दिसल्याची चित्रफीत गाजली होती. आपण जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे त्यांचं खातं बदललं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं.) बंदी योग्यच होती असं मला वाटतं. पण दुकान बंद झालं तरी गिऱ्हाईकाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे आणि त्याची पैशाची चिंता जिथल्या तिथेच आहे. बंदीनं या दोन्हींना हात लावलेला नाही, त्यामुळे तिच्याकडून फार अपेक्षा धरू नयेत.

आणखी एक आक्षेप विचारात घ्यायला हवा, कारण तो सगळ्यात जोरकस आहे. हे सगळं प्रपंचामुळे नाही, मोबाईलमुळे झालं. जिओ आलं २०१६ मध्ये, डेटा स्वस्त झाला, आणि लहानथोर सगळ्यांचंच लक्ष तुकड्या-तुकड्यांत विखुरलं. हे अर्धं खरं आहे. रील सोळा वर्षांचा मुलगाही बघतो. पण तोच मुलगा मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी दोनपासून सहापर्यंत सलग एकच खेळ खेळतो, आणि त्याच गावातला त्याचा काका, मोबाईल तोच, डेटा तोच, तसं करत नाही. फरक यंत्रात असता तर दोघं सारखे वागले असते. उलट्या बाजूनंही ताळा करता येतो. नांदेडला ‘नीट’ परीक्षेच्या शिकवण्यांना ठेवलेली सतरा-अठरा वर्षांची मुलं पाहा. वय कोवळं, पण दिवस तासिकांत आणि चाचण्यांत कापलेला, घरच्यांचे पैसे लागलेले, मनात सतत टोचणी. त्यांची करमणूक चाळिशीतल्या माणसासारखी होते: जेवताना पाच मिनिटांचा विनोदी तुकडा, झोपताना पाहिलेलीच मालिका. आणि ज्या मोठ्यांना मोसमी का होईना सलग वेळ मिळतो, ते परत पोरांसारखे खेळतात. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की गावोगाव टेनिस बॉलचे सामने लागतात. त्यात पस्तिशीतले बापे पोटं सावरत धावतात, पंचांशी भांडतात. ती चुरस मेली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे भांडण ऐकावं.

काहीजण म्हणतील, मोठ्या माणसानं खेळ कमी करणं हीच तर जबाबदारी, त्यात दुःख कसलं? खेळापायी काम, घर, झोप सगळं विस्कटूनही वर्षभर सुटत नसेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार म्हणते; रोगांच्या नव्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, त्याची नोंद आहे आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या टोकाला जाणारे थोडे. बहुतेकांची अडचण उलटी आहे. दिवस आपला गेला नाही म्हणून ते रात्र आपली करायला बघतात, बारा-एकपर्यंत पडदा सरकवत राहतात आणि सकाळी आंबलेल्या अंगानं उठतात. खेळ कमी झाला, जागरण वाढलं. ही जबाबदारीची कमाई म्हणता येणार नाही.

वारंग्याच्या परिसरात रात्रीच्या मोबाईलला आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्याही खेळाच्या कंपनीच्या हातात नाही. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी असली की माणूस हळदीला किंवा केळीला पाणी द्यायला बांधावर जातो. एक वाफा भरेपर्यंत हातात काही काम नसतं, पण झोपताही येत नाही; वाफा भरला की दार मोडायचं, पुढचा धरायचा, अंधारात पायाखाली बघायचं. त्या मधल्या तुकड्यात तो मोबाईल बघतो. त्याच्यासाठी पाऊण तासाचं काही चालणारच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपतो, संध्याकाळी भजनाला बसत नाही, पत्त्यांच्या डावाला चौथा गडी म्हणून मिळत नाही, आणि लोक म्हणतात आता त्याला कशाची आवड राहिली नाही. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं उद्दिष्ट शेतीला दिवसा वीज देण्याचं आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. दिवसाची वीज पिकासाठी आणि साप-विंचवापासून वाचण्यासाठी हवी, हे सगळे बोलतात. पण इथवर मांडलेलं खरं असेल तर तिचा आणखी एक परिणाम दिसायला हवा. ज्या गावाच्या वाहिनीवर वीज कायमची दिवसा आली, तिथे दोन-तीन वर्षांत रात्रीचे रील कमी व्हायला हवेत, आणि संध्याकाळी आठ ते दहाच्या मध्ये भजनाचे टाळ, पत्त्यांचे डाव, कदाचित बीजीएमआयचे संघसुद्धा, चाळिशीतल्या माणसांनी पुन्हा भरायला हवेत. हे ताडून बघण्यासाठी मोठी पाहणी नको. एकाच तालुक्यातली दोन गावं, एक दिवसाच्या विजेचं आणि एक रात्रीच्या, समोरासमोर ठेवली तरी पुरे.